नकट्या रिव्हॉल्व्हरचं गणित

१९२७ साली अमेरिकेतल्या कोल्ट कंपनीने ‘डिटेक्टिव्ह स्पेशल’ नावाचं रिव्हॉल्व्हर बाजारात आणलं. सहा गोळ्या, ‘.३८ स्पेशल’ काडतूस, वजन सुमारे ६०० ग्रॅम आणि नळी अवघी दोन इंच. साध्या वेशातल्या पोलिसाच्या कोटाखाली ते दिसू नये, हा हेतू. १९५० मध्ये स्मिथ अँड वेसन या दुसऱ्या कंपनीने एक गोळी कमी करून आणखी सडपातळ ‘चीफ्स स्पेशल’ काढलं. अशा आखूड नळीच्या रिव्हॉल्व्हरांना अमेरिकेत नकटीच म्हणतात. त्यांतली जुनी रिव्हॉल्व्हरं तिथले शौकीन आजही चालवतात, जवळ बाळगतात.

नळी आखूड म्हणजे नेम कच्चा, असं बहुतेकांना वाटतं. ही समजूत मात्र अर्धीच खरी आहे. गोळी सरळ जाते ती स्वतःभोवती फिरते म्हणून, भोवरा तोल सांभाळतो तशी. हा फेर तिला नळीच्या आत कोरलेल्या, मळसूत्रासारख्या पिळदार आट्यांमुळे मिळतो. कोल्टच्या नळीत आटे १६ इंचांत एक पूर्ण वेढा घेतात, तेही डावीकडे. म्हणजे दोन इंचांत गोळी फार तर एक अष्टमांश फेरी मारते. घड्याळाचा तासकाटा बारावरून मागे साडेदहावर यावा, एवढीच. पण बाहेर पडताना तिचा वेग सेकंदाला २०० मीटरच्या आसपास असतो आणि दर ४० सेंटिमीटरला एक फेरी या हिशेबाने ती सेकंदाला ५०० वेळा गरगरत असते. मला हा आकडा पहिल्यांदा मांडला तेव्हा पुन्हा तपासून पाहावासा वाटला होता. नळी कापल्याने थोडा वेग जातो, चार इंची नळीच्या तुलनेत ठोकळमानाने सेकंदाला ३० मीटर, पण फेर शाबूत राहतो. हेच रिव्हॉल्व्हर टेबलाला घट्ट जखडून बार काढले, तर गोळ्या चांगल्या जवळजवळ पडतात.

नेम बिघडतो तो हातात आल्यावर. नेम धरण्यासाठी नळीच्या टोकावर असलेला उंचवटा, म्हणजे माशी, आणि मागची खाच यांच्यात इथे जेमतेम १० सेंटिमीटर अंतर असतं. माशी १ मिलिमीटर हलली की १० मीटरवर गोळी १० सेंटिमीटर चुकते. हेच अंतर २० सेंटिमीटर असतं, तर चूक निम्मी झाली असती. शाळेतल्या समरूप त्रिकोणांचाच हा हिशेब.

त्यात चापाची भर. घोडा, म्हणजे काडतुसावर आपटून बार काढणारा भाग, आधी मागे न ओढता थेट चाप दाबला, तर एकाच ओढीत गोळ्यांचा सिलिंडर फिरवायचा, स्प्रिंग दाबायची आणि घोडा सोडायचा असतो. त्याला साधारण पाच किलोचा जोर लागतो. ६०० ग्रॅमची वस्तू तिच्याच वजनाच्या आठपट जोराने ओढायची आणि ती ओढताना माशी मिलिमीटरभरही हलू द्यायची नाही! नकटीवर हात बसायला वेळ लागतो तो यामुळे.

मग धक्का. दहा ग्रॅमची गोळी २०० मीटर वेगाने पुढे गेली की ६०० ग्रॅमचं रिव्हॉल्व्हर सेकंदाला तीन मीटरहून अधिक वेगाने मागे येतं. पाठोपाठ सुटणाऱ्या वायूचा धक्का वेगळाच. नळी मनगटाच्या वर असल्याने तोंड वरही उसळतं. लांब नळीचं वजन ही उसळी दाबून धरतं, इथे ते वजनच कापून टाकलेलं आहे. शिवाय दारू पुरती जळण्याआधीच गोळी बाहेर पडते, म्हणून तोंडाशी मोठा जाळ आणि कानठळ्या बसवणारा आवाज.

वजन कमी करण्याच्या हव्यासाने पुढे धातूचीच परीक्षा पाहिली. १९५० मध्ये कोल्टने ॲल्युमिनियमच्या सांगाड्याचं, सव्वाचारशे ग्रॅमचं ‘कोब्रा’ काढलं. अमेरिकी वायुदलाला वैमानिकांसाठी याहून हलकं हवं होतं, म्हणून सिलिंडरही ॲल्युमिनियमचा केला. कोल्टने बनवलेलं ते रिव्हॉल्व्हर जेमतेम ३१० ग्रॅमचं होतं. पण ‘.३८ स्पेशल’चा दाब वातावरणाच्या दाबाच्या हजारपटीपर्यंत जातो आणि तो झेलावा लागतो सिलिंडरच्या पातळ भिंतींना. पोलाद ठरावीक मर्यादेच्या आतला ताण लाखो वेळा पचवतं. ॲल्युमिनियमला तशी सुरक्षित मर्यादाच नाही. दर धक्क्यागणिक आत सूक्ष्म भेग वाढत जाते. वायुदलाने कमी दाबाची खास काडतुसं दिली, तरी भीती गेली नाही. शेवटी यांतली बहुतेक रिव्हॉल्व्हरं त्या दशकाच्या अखेरीस नष्ट करण्यात आली. जुनं हलकं रिव्हॉल्व्हर हाती आलं की सिलिंडर कोणत्या धातूचा आहे हे आधी पाहायचं, ते यासाठी.

जवळ बाळगण्याचाही गोळीच्या वेगावर परिणाम होतो, हे फार कमी लोकांना ठाऊक असतं. ‘.३८ स्पेशल’ची पुंगळी, म्हणजे दारू भरलेलं काडतुसाचं धातूचं नळकांडं, १८९०च्या दशकाच्या अखेरीस काळ्या दारूच्या हिशेबाने लांब बनवली गेली. नंतर आलेली धूरविरहित दारू तेवढ्याच कामाला कितीतरी कमी लागते, त्यामुळे पुंगळीत बरीच जागा मोकळी राहते. होल्स्टरमध्ये, म्हणजे रिव्हॉल्व्हरच्या म्यानात, नळी खाली असते, दारू घरंगळून गोळीकडे जाते आणि ठिणगीपासून दूर पडते. अशा स्थितीतून रिव्हॉल्व्हर हळूच आडवं करून झाडलं, तर वेग काहीसा कमी भरतो. तेच तोंड आधी वर करून मग आडवं केलं, तर वाढतो.

बाळगताना मोठा धोका पडण्याचा. रिव्हॉल्व्हर घोड्यावर आपटलं, तर बार उडू शकतो. कोल्टने १९०५ मध्येच यावर उपाय काढला होता: चाप पूर्ण ओढेपर्यंत घोडा आणि काडतूस यांच्या आड राहणारा पोलादाचा छोटा तुकडा. स्मिथ अँड वेसनचीही अशी अडसर होती, पण दुसऱ्या महायुद्धात तिनं दगा दिला. १९४४ मध्ये नौदलाच्या जहाजावर त्यांचं एक रिव्हॉल्व्हर पडलं, बार उडाला आणि एक खलाशी मरण पावला. त्यानंतर कंपनीने अडसरीची रचना तातडीने बदलली.

हा तुकडा वंगणावर चालतो. अंगाच्या घामातलं मीठ बाहेरच्या निळसर लेपाखाली गंज धरतं, कातडी होल्स्टर ओल धरून ठेवतं. तो गंज निदान दिसतो तरी. बाजूच्या झाकणाखाली सत्तर वर्षांत घट्ट होऊन चिकट झालेलं तेल मात्र दिसत नाही. त्यात तो तुकडा अडकून बसला आहे का, हे कारागिराने झाकण उघडल्याशिवाय कळत नाही.