भाव, वापर आणि पत : क्रिप्टो समुदायांच्या लोकसंपर्काची पार्श्वभूमी

कोल्हापुरात राजारामपुरीतील एका हॉटेलच्या वरच्या मजल्यावर गेले वर्षभर महिन्यातून एका रविवारी पंधरा-वीस जण जमतात. त्यांत अभियांत्रिकीचे विद्यार्थी आहेत, शिरोली एमआयडीसीतील फौंड्रीचे हिशेब पाहणारे दोघे आहेत, हुपरीचे एक चांदी व्यावसायिक आहेत आणि कुतूहलापोटी येणारे एक निवृत्त शिक्षकही आहेत. क्रिप्टोचलन आणि त्यामागचे ब्लॉकचेन तंत्रज्ञान, म्हणजे अनेक संगणकांवर एकाच वेळी ठेवलेली आणि मागाहून गुपचूप बदलता न येणारी सामायिक नोंदवही, लोकांना समजावून सांगावे, एवढाच त्यांचा उद्देश आहे. तरीही खुल्या कार्यक्रमासाठी काढायच्या पत्रकावर ‘बिटकॉइन’ हा शब्द ठेवावा की नाही, या एका मुद्द्यावर त्यांच्या दोन बैठका खर्ची पडल्या. बाहेरच्या माणसाला ही चर्चा क्षुल्लक वाटेल. परंतु त्या शब्दाच्या मागे सतरा-अठरा वर्षांचा इतिहास उभा आहे, आणि त्यातील बराच भाग लोकांच्या मनात प्रतिमा कशी घडते आणि कशी बिघडते याचाच आहे.

मुळात नावापासूनच अडचण आहे. मराठी वृत्तपत्रांनी या वस्तूला ‘आभासी चलन’ हे नाव दिले आणि तेच रूढ झाले. आभास म्हणजे नसलेली गोष्ट असल्यासारखी भासणे. तेव्हा ज्याचे नावच आभासी, त्यावर विश्वास ठेवा असे सांगणाऱ्याची निम्मी लढाई पहिल्याच वाक्यात हरलेली असते. ‘कूटचलन’ हा पर्याय अर्थाला अधिक जवळचा आहे, पण ‘कूट’ म्हटल्यावर कपटही आठवतेच. लोक मात्र सरळ ‘क्रिप्टो’ म्हणतात आणि या लेखातही तोच शब्द वापरला आहे.

सातोशी नाकामोतो या टोपणनावाने ३१ ऑक्टोबर २००८ रोजी बिटकॉइन या पहिल्या क्रिप्टोचलनाचा आराखडा प्रसिद्ध झाला आणि ३ जानेवारी २००९ रोजी त्याची पहिली नोंद तयार झाली. त्या नोंदीत लंडनच्या ‘टाइम्स’चा त्या दिवशीचा मथळा कोरलेला आहे. ब्रिटिश अर्थमंत्री बँकांना दुसऱ्यांदा मदत देण्याच्या बेतात असल्याची ती बातमी होती. या चलनाला मालक नव्हता, संचालक मंडळ नव्हते, जाहिरातीची तरतूद नव्हती. एखाद्या बँकेबद्दल अफवा उठली तर तिचा अध्यक्ष पत्रकार परिषद घेतो. इथे खुर्चीच रिकामी होती. त्यामुळे प्रसार करणे, शंकांना उत्तरे देणे आणि बदनामी झाल्यास ती निस्तरणे ही सगळी कामे आपोआप वापरणाऱ्यांच्या अंगावर आली. ‘समुदाय’ हा शब्द या क्षेत्रात इतका वापरला जातो, त्याचे कारण हे आहे.

सुरुवातीचा प्रसार भाबडा होता. गॅव्हिन अँड्रेसन या प्रोग्रॅमरने २०१० मध्ये एक पान सुरू केले. तिथे येणाऱ्या प्रत्येकाला पाच बिटकॉइन फुकट मिळत. हातात आल्याशिवाय कळणार नाही, हा त्यामागचा साधा विचार होता. त्याच वर्षी २२ मे रोजी फ्लोरिडातील लास्लो हान्येच याने दहा हजार बिटकॉइन देऊन दोन पिझ्झे मिळवले. आज तो प्रसंग हसत सांगितला जातो, कारण ऐकणारा लगेच आजच्या भावाने गुणाकार करतो. पण त्यातील एक तपशील सहसा सुटतो. पिझ्झावाल्याला बिटकॉइन मिळालेच नव्हते. लास्लोने ते दुसऱ्या एका तरुणाला दिले आणि त्या तरुणाने नेहमीच्या पैशांत पिझ्झा मागवून दिला. दुकानदाराच्या गल्ल्यात नेहमीचेच चलन पडले. ज्याला ‘स्वीकार’ म्हणतात त्याचे पहिले गाजलेले उदाहरणही मध्यस्थाच्या खांद्यावर उभे होते, आणि ही कमतरता आजही पुरती भरून निघालेली नाही.

प्रतिमेचा पहिला खरा पेच २०१० च्या डिसेंबरात आला. सरकारांची गुप्त कागदपत्रे उघड करणाऱ्या विकिलीक्सच्या देणग्यांचे मार्ग बँका आणि कार्ड कंपन्यांनी बंद केल्यावर काही जणांनी तिथे बिटकॉइन वापरण्याचा आग्रह धरला. सातोशीने त्याला विरोध केला. हा प्रयोग अजून बाल्यावस्थेत आहे आणि प्रसिद्धीचा एवढा झोत सोसण्याइतका तो सशक्त नाही, असे त्याचे म्हणणे होते. त्यानंतर काही दिवसांतच त्याने सार्वजनिक लिखाण थांबवले. हा संयम पुढच्यांना जमला नाही. फेब्रुवारी २०११ मध्ये अमली पदार्थांचा ‘सिल्क रोड’ हा छुपा बाजार सुरू झाला आणि ऑक्टोबर २०१३ मध्ये अमेरिकी तपास यंत्रणांनी तो बंद पाडला. तोवर सामान्य वाचकाच्या डोक्यात बिटकॉइन म्हणजे गुन्हेगारांचा पैसा हे समीकरण पक्के झाले होते. पाठोपाठ फेब्रुवारी २०१४ मध्ये टोकियोतील माउंट गॉक्स हा एके काळचा सर्वांत मोठा विनिमय मंच (क्रिप्टोच्या खरेदी-विक्रीचा ऑनलाइन बाजार) सुमारे साडेआठ लाख बिटकॉइन गायब झाल्याचे सांगून दिवाळखोरीत गेला.

याच काळात दोन निराळ्या वाटा दिसतात. डिसेंबर २०१३ मध्ये केवळ थट्टा म्हणून सुरू झालेल्या डोजकॉइनच्या चाहत्यांनी पुढच्याच महिन्यात जमैकाच्या बॉबस्लेड संघाला सोची येथील हिवाळी ऑलिंपिकला जाता यावे म्हणून सुमारे तीस हजार डॉलर जमवले. पेठेतल्या तालमीने आपला फुटबॉल संघ शाहू स्टेडियमवर उतरवण्यासाठी वर्गणी काढावी, तसाच हा प्रकार होता. फरक इतकाच, की वर्गणीदारांनी एकमेकांना कधी पाहिलेले नव्हते. चलनाबद्दल कसलाही दावा न करता केलेल्या या एका कामाने त्याला जे नाव मिळवून दिले, ते जाहिरातीने मिळाले नसते. दुसरी वाट नाव बदलण्याची. गोपनीयतेवर भर देणाऱ्या ‘डार्ककॉइन’ने २०१५ मध्ये ‘डॅश’ हे नाव घेतले, कारण अंधाराचा वास असलेले नाव घेऊन दुकानदाराकडे जाता येत नव्हते. शिवाय नव्या नाण्यांचा दहा टक्के हिस्सा प्रसार आणि विकासाच्या प्रस्तावांसाठी राखून ठेवायचा आणि कोणत्या प्रस्तावाला पैसे द्यायचे हे मतदानाने ठरवायचे, अशी व्यवस्था त्यांनी बसवली. सहकाराच्या सर्वसाधारण सभा पाहिलेल्या कोल्हापूरकराला ही कल्पना परकी वाटणार नाही, आणि त्या सभांमध्ये मतदान कसकसे होते हेही त्याला ठाऊक असल्यामुळे तो भारावूनही जाणार नाही.

भारतात रिझर्व्ह बँकेने २४ डिसेंबर २०१३ रोजी पहिला सावधानतेचा इशारा दिला. तो शहरी, इंग्रजी वाचणाऱ्या वर्गापुरता राहिला. आपल्याकडच्या निमशहरी भागात हा शब्द पोहोचला तो तंत्रज्ञानाच्या अंगाने नव्हे, तर साखळी योजनांच्या अंगाने. एप्रिल २०१७ मध्ये नवी मुंबईत ‘वनकॉइन’च्या प्रचारसभेवर पोलिसांनी छापा घातला, या वनकॉइनला जगभर क्रिप्टो म्हणून विकले गेले, पण त्यामागे खरीखुरी ब्लॉकचेनच नव्हती. त्याहून खोल घाव ‘गेनबिटकॉइन’चा होता. दरमहा दहा टक्के, तेही अठरा महिने, असा परतावा त्यात कबूल केला होता. पुणे पोलिसांनी २०१८ मध्ये सूत्रधाराला अटक केली. आणि कडी म्हणजे तपासात पोलिसांना तांत्रिक मदत करणाऱ्या दोघांनाच मार्च २०२२ मध्ये आरोपींच्या खात्यांतील क्रिप्टो वळवल्याच्या आरोपावरून अटक झाली. त्यांतील एक जण माजी आयपीएस अधिकारी होता. बातमी वाचणाऱ्या सामान्य माणसाने यातून काय निष्कर्ष काढला असेल, हे सांगायला सर्वेक्षणाची गरज नाही.

कोल्हापूर जिल्ह्यात या आठवणीला आणखी जुना थर आहे. इथे पैशाचा व्यवहार कायम ओळखीवर चालत आला. गल्लीतली भिशी दिवाळीला फुटते आणि रक्कम हातात पडते, कारण भिशी चालवणारा त्याच गल्लीत राहतो. गुळाच्या सौद्यात शेतकरी अडत्याकडून उचल घेतो, कारण पुढच्या हंगामात दोघांना पुन्हा एकमेकांचे तोंड पाहायचे असते. या ओळखीचाच फायदा दामदुप्पट योजनांनी घेतला. त्यांचे एजंट अनोळखी नव्हते, मेव्हणे, सहकारी आणि शाळासोबती होते. म्हणून क्रिप्टोवाल्यांचा ‘कोणावरही विश्वास ठेवण्याची गरज नाही’ हा आवडता सिद्धान्त इथे कानाला विचित्र लागतो. जिथे विश्वास हेच भांडवल आहे, तिथे विश्वासाची गरज नाही हे वाक्य गुणाचे नव्हे, धोक्याचे वाटते. प्रसार करू पाहणाऱ्यांनी हा फरक ओळखला नाही, हे माझ्या मते त्यांच्या अपयशाचे मोठे कारण आहे.

पुढचा कायदेशीर प्रवास थोडक्यात असा : रिझर्व्ह बँकेने ६ एप्रिल २०१८ रोजी बँकांना क्रिप्टो व्यवहार करणाऱ्यांना सेवा देण्यास मनाई केली आणि सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी ते परिपत्रक रद्द केले. बँकेला अधिकार नाही असे न्यायालय म्हणाले नाही; उपाय प्रमाणाबाहेर आहे, असे म्हणाले. पण ‘क्रिप्टो कायदेशीर झाले’ अशी हाकाटी झाली आणि त्यापाठोपाठ २०२१ मध्ये क्रिकेटच्या सामन्यांमधून जाहिरातींचा पूर आला. या जाहिरातींत वापर कुठेच नव्हता, होता तो भाव. अखेर जाहिरात मानक परिषदेने फेब्रुवारी २०२२ मध्ये नियम घालून दिले. ही उत्पादने अनियंत्रित आणि अतिशय जोखमीची आहेत ही सूचना १ एप्रिलपासून सक्तीची झाली आणि जाहिरातीत ‘करन्सी’ हा शब्द वापरण्यालाच बंदी आली. त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पाने नफ्यावर तीस टक्के कर आणि ठरावीक मर्यादेपुढील हस्तांतरणावर एक टक्का टीडीएस लावला; एका नाण्यातला तोटा दुसऱ्यातल्या नफ्यातून वजा करण्याची सोयही ठेवली नाही. उद्या एखाद्याने क्रिप्टो देऊन महाद्वार रोडवर कोल्हापुरी चप्पल घेतली, तर कायद्याच्या लेखी तो मालमत्तेचा व्यवहार ठरेल आणि मधल्या भाववाढीवर कर लागेल. ज्या रस्त्यावर फुलवालीसुद्धा यूपीआयचा क्यूआर कोड पुढे करते आणि पैसे त्याच क्षणी, विनाशुल्क खात्यात येतात, तिथे देवघेवीचे साधन म्हणून क्रिप्टोचा आग्रह धरणे हा हट्ट झाला.

मध्य अमेरिकेतील एल साल्वादोर या देशाचा अनुभव याच मुद्द्यावर बोलका आहे. तिथल्या एल झोन्ते या किनाऱ्यावरच्या गावात २०१९ पासून काही कार्यकर्त्यांनी तरुणांना सफाई आणि इतर कामांचा मोबदला बिटकॉइनमध्ये देणे सुरू केले. गावातल्या दुकानांनी ते हळूहळू घेतले. हे पाहून सरकारने ७ सप्टेंबर २०२१ पासून ते देशभर कायदेशीर चलन केले, ‘चिवो’ हे सरकारी अ‍ॅप काढले आणि ते घेणाऱ्याला तीस डॉलर दिले. बहुतेकांनी तीस डॉलर खर्च केले आणि अ‍ॅप बाजूला ठेवले. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीशी झालेल्या कर्जकरारानंतर जानेवारी २०२५ मध्ये कायदा बदलून दुकानदारांवरची सक्ती काढण्यात आली. एका गावात ओळखीच्या माणसांनी जे रुजवले, ते तीस डॉलरच्या बक्षिसाने देशात रुजले नाही.

भावाशी संबंध नसलेली कामे आपल्याकडेही झाली, पण त्यांची चर्चा कमी झाली. कोविडच्या दुसऱ्या लाटेत, एप्रिल २०२१ मध्ये, पॉलिगॉन या ब्लॉकचेन जाळ्याचे सहसंस्थापक संदीप नैलवाल यांनी मदतनिधी उभारला आणि इथेरियम या दुसऱ्या मोठ्या ब्लॉकचेनचे जनक व्हिटॅलिक ब्युटेरिन यांनी मे महिन्यात त्यात त्या दिवशीच्या भावाने सुमारे एक अब्ज डॉलरची नाणी टाकली. अर्थात ती बाजारात विकायला काढताच भाव घसरणार, हेही तेव्हाच स्पष्ट होते. २०२२ मध्ये गडचिरोलीतील एटापल्ली येथे ६५ हजार जातप्रमाणपत्रे पॉलिगॉनवर नोंदवण्याचा उपक्रम प्रशासनाने हाती घेतला. बनावट दाखला ओळखता यावा हा त्याचा हेतू. त्यात कोणी श्रीमंत होत नाही, म्हणून त्याचे व्हिडिओ फिरत नाहीत. राजारामपुरीच्या गटातील एकाने २०१९ आणि २०२१ च्या महापुरातील मदतीचा हिशेब अशा खुल्या नोंदवहीत ठेवता आला असता का, हा प्रश्न मांडला होता. शिरोळ आणि चिखलीला गाड्या भरभरून गेलेले सामान कोणाला दोनदा आणि कोणाला एकदाही न मिळाल्याचे तिथल्या प्रत्येकाने पाहिले होते, त्यामुळे त्या दिवशीची चर्चा नेहमीपेक्षा तासभर लांबली.

नोव्हेंबर २०२२ मध्ये एफटीएक्स हा परदेशी विनिमय मंच कोसळला आणि १८ जुलै २०२४ रोजी वझीरएक्स या भारतीय मंचावरून २३ कोटी डॉलरच्या आसपासची क्रिप्टो मालमत्ता चोरीला गेली. त्यानंतर सगळीकडचे समुदाय एकच सांगू लागले, की नाणी मंचावर ठेवू नका, स्वतःच्या वॉलेटमध्ये, म्हणजे फक्त आपल्या ताब्यातल्या डिजिटल पाकिटात, ठेवा. गेल्या पावसाळ्यातल्या बैठकीत याचे प्रात्यक्षिक झाले. एका विद्यार्थिनीने मोबाइलवर नवे वॉलेट उघडले, त्याची किल्ली म्हणून पडद्यावर आलेले बारा इंग्रजी शब्द वहीच्या कागदावर क्रमाने लिहून घेतले आणि हा कागद म्हणजेच तिजोरी, असे सांगितले. निवृत्त शिक्षकांनी चष्मा वर करून तो कागद दोनदा वाचला आणि विचारले, “बाळ, हा कागद भिजला, तर कुठल्या शाखेत जायचं?”

“शाखा नसते, सर.”

“मग मॅनेजर?”

“तोही नसतो.”

“दामदुप्पटवाल्यांची निदान शाखा तरी होती की!” गुरुजी म्हणाले, आणि सगळे हसले. हसणे ओसरल्यावर मात्र कोणालाच पुढे काय बोलावे ते सुचले नाही. घरात अनेकदा पुराचे पाणी शिरलेल्या शहरात कागद भिजण्याचा प्रश्न थट्टेचा नव्हता. मग हुपरीच्या व्यावसायिकांनी शब्द धातूच्या पट्टीवर ठोकून ठेवण्याची युक्ती सुचवली. त्यांच्या कारखान्यात नाहीतरी दिवसभर ठोकण्याचेच काम चालते.

पत्रक अखेर निघाले. ‘बिटकॉइन’ हा शब्द त्यावर आहे, पण तिसऱ्या ओळीत. पहिल्या ओळीत ‘येथे कोणतीही गुंतवणूक स्वीकारली जात नाही’ असे छापले आहे आणि तळाला, गुरुजींच्या आग्रहावरून, दोन आयोजकांची पूर्ण नावे आणि घरचे पत्ते.