‘चारित्र्याच्या संशयावरून’: घरातल्या हिंसेच्या बातमीमागचा इतिहास

बातमीच्या डेस्कवर काही शब्द तयारच असतात. ‘चारित्र्याच्या संशयावरून पत्नीचा खून’, ‘क्षुल्लक कारणावरून वाद’, ‘रागाच्या भरात’. रात्री उशिरा पोलिसांची प्रेसनोट येते, पान सोडायला वीस मिनिटं उरलेली असतात आणि बोटं हे शब्द आपोआप टाइप करतात. मीही ते कितीतरी वेळा लिहिले आहेत. संशय मारणाऱ्याचा असतो आणि जिच्यावर तो घेतला ती उत्तर द्यायला उरलेली नसते, तरी मथळ्यात चर्चा तिच्या चारित्र्याची. आरोपीने पोलिसांना सांगितलं, पोलिसांनी नोटमध्ये लिहिलं, आपण छापलं, आणि दुसऱ्या दिवशी तेच खुनाचं कारण म्हणून लोक एकमेकांना सांगू लागले. म्हणून या बातम्यांचा इतिहास पाहताना मी एकच गोष्ट शोधत जातो: बातमीत म्हणणं कोणाचं आलं?

१८७८ साली इंग्लंडमध्ये फ्रान्सिस पॉवर कॉब या लेखिकेने विवाहित स्त्रियांच्या छळावर एक दीर्घ लेख लिहिला. त्यासाठी तिने वर्तमानपत्रांतल्या बातम्याच वापरल्या. कोर्टकचेरीच्या मजकुरात विखुरलेली प्रकरणं तिने एकापुढे एक मांडली, तेव्हा सुट्या वाटणाऱ्या घटना एकाच तऱ्हेच्या निघाल्या. ‘बायकोला मारहाण’ हा तेव्हाचा रुळलेला शब्दप्रयोग तिने मुद्दाम बाजूला ठेवला. प्रत्यक्षातल्या क्रौर्याची त्यातून कल्पनाच येत नाही, असं तिचं म्हणणं होतं. लोक या विषयावर विनोद करतात याचीही तिला चीड होती. त्याच वर्षी तिथे कायदा झाला: पत्नीवर गंभीर हल्ला केल्याबद्दल नवऱ्याला शिक्षा झाली, तर तिला वेगळं राहण्याचा आदेश न्यायाधीश देऊ शकत होते.

त्यानंतरही बराच काळ हा विषय ‘नवरा-बायकोचं भांडण’ या सदरातच राहिला. १९७१ मध्ये लंडनच्या चिझिक भागात मार खाल्लेल्या स्त्रियांसाठी निवारा उभा राहिला आणि बातमीदारांना जाऊन बोलता येईल अशी जागा मिळाली. तोवर त्यांच्यासाठी माहितीचा दरवाजा पोलीस ठाण्याचाच होता. १९७६ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या ‘मिझ’ मासिकाने मुखपृष्ठावर मारामुळे काळानिळा पडलेला स्त्रीचा चेहरा छापला. त्या काळी ते धाडसच होतं. पुढे मात्र तसा चेहरा हेच या विषयाचं ठरीव चित्र होऊन बसलं. ज्या बाईच्या अंगावर वळ नाहीत, पण हातात पैसा नाही, फोनवर पाळत आहे, माहेरी जायची बंदी आहे, तिच्यासाठी संपादकाकडे छायाचित्र नसतं. मग बातमीही होत नाही.

दिल्लीतली १९७९ ची घटना मला या सगळ्यात कळीची वाटते. मॉडेल टाउन भागात एक तरुण विवाहिता जळून गेली. सासरच्यांनी पेटवलं, असं तिने मरण्यापूर्वी सांगितलं होतं. पोलिसांनी नोंद केली आत्महत्येची. ‘स्त्री संघर्ष’ या गटाने जूनमध्ये तिच्या सासरच्या घरावर मोर्चा नेला आणि वर्तमानपत्रांनी तो ठळकपणे छापला. तोवर असे मृत्यू चार ओळींत संपायचे. स्टोव्हचा भडका उडाला, पदर पेटला, विवाहिता भाजली. त्या चार ओळींत चूल, पदर आणि रॉकेल यांनीच सगळं केलेलं असायचं, घरात आणखी कोणी होतं की नाही हेही कळत नसे. मोर्च्यानंतर ‘हुंडाबळी’ शब्द बातमीत रुळत गेला. १९८३ मध्ये भारतीय दंड संहितेत नवरा आणि सासरच्यांकडून होणाऱ्या छळाचं कलम ४९८ अ आलं, १९८६ मध्ये हुंडाबळीचं ३०४ ब. या शब्दाची एक मर्यादाही होती. जिथे हुंड्याचा विषय नाही आणि मृत्यूही झालेला नाही, तिथली मारहाण त्यात बसत नव्हती. तिला नाव मिळायला २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा यावा लागला.

इतरत्रही शब्दांवरूनच भांडावं लागलं. अर्जेंटिनात ‘प्रेमातून घडलेला गुन्हा’ हा मथळा सर्रास चालायचा. २०१५ मध्ये तिथल्या महिला पत्रकारांच्याच पुढाकाराने ‘नी ऊना मेनोस’, म्हणजे ‘एकही कमी नको’, ही हाक दिली गेली आणि ३ जूनला लाखो लोक रस्त्यावर आले. इटलीतल्या पत्रकारांनी २०१७ मध्ये व्हेनिसचा जाहीरनामा काढून मारेकऱ्याला सहानुभूती देणारी भाषा टाळायचं ठरवलं. २०२३ मध्ये जगभरात जोडीदाराच्या किंवा घरच्यांच्या हातून सुमारे ५१,१०० स्त्रिया व मुली मारल्या गेल्या, असा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज आहे. दिवसाला १४०. इतकं नित्याचं झालेलं ‘बातमी’ वाटत नाही, ही आमच्या धंद्यातली सगळ्यात जुनी अडचण.

स्पेनमध्ये ४ डिसेंबर १९९७ रोजी ग्रानादाजवळची साठ वर्षांची आना ओरांतेस दूरचित्रवाणीवर बोलली. चाळीस वर्षांचा मार तिने कॅमेऱ्यासमोर सविस्तर सांगितला. घटस्फोट झाला होता, पण न्यायालयाच्या आदेशाने पूर्वीचा नवरा त्याच घराच्या खालच्या मजल्यावर राहत होता. तेराव्या दिवशी त्याने तिला पेटवून मारलं. तिने अनेकदा पोलिसांत तक्रारी केल्या होत्या, हेही मग छापून आलं. यावेळी ‘ती काय म्हणाली’ याला उत्तर होतं, आवाजासह, आणि ते साऱ्या देशाने ऐकलं होतं. २००४ मध्ये स्पेनने स्त्रियांवरील अशा हिंसेविरुद्ध स्वतंत्र कायदा केला. आज तिथल्या बऱ्याच वृत्तपत्रांत अशा बातमीखाली ०१६ हा मदतीचा क्रमांक छापतात. सोबत दोन सूचना असतात. हा फोन बिलात दिसत नाही. मोबाइलमधली नोंद मात्र स्वतः पुसावी लागते.