सदस्यबदल, हेवी मेटल बँडमधील

हेवी मेटल (जड, मोठ्या आवाजाच्या गिटारवर आधारलेला रॉक संगीतप्रकार) वाजवणाऱ्या बँडमधील गायक किंवा वादक बदलल्याने त्याच्या संगीतात होणारा पालट. ठरावीक काळातील सदस्यसंचास ‘लाइनअप’ म्हणतात. डीप पर्पल या ब्रिटिश बँडचे संच मार्क १, मार्क २ अशा क्रमांकांनीच ओळखले जातात. १९७३ मध्ये डेव्हिड कव्हरडेल आणि ग्लेन ह्यूज आल्यावर (मार्क ३) त्यांच्या संगीतात सोल व फंक या आफ्रो-अमेरिकन संगीतप्रकारांचा अंश वाढला. तो न मानवल्यामुळे गिटारवादक रिची ब्लॅकमोर १९७५ मध्ये बाहेर पडले, असे सामान्यतः मानले जाते.

बदलाचे श्रेय कोणाला द्यावे, याविषयी दोन मते आढळतात. एका मतानुसार नव्या सदस्याचा आवाज किंवा वादनशैलीच निर्णायक ठरते. दुसऱ्या मतानुसार गाणी बांधण्याचे काम कोणाकडून कोणाकडे गेले, हे अधिक महत्त्वाचे असते. उपलब्ध ध्वनिमुद्रणे पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. मात्र प्रत्येक उदाहरणात इतर कारणेही मिसळलेली असतात.

बर्मिंगहॅमच्या ब्लॅक सॅबथमधून १९७९ मध्ये ओझी ऑस्बॉर्न यांना काढण्यात आले आणि त्यांच्या जागी रॉनी जेम्स डिओ आले. १९८० चा ‘हेवन अँड हेल’ हा या संचाचा पहिला अल्बम. येथे फरक केवळ आवाजाच्या पोताचा नव्हता. ऑस्बॉर्न यांच्या गाण्याची चाल पुष्कळदा रिफच्या (गिटारवर पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या सुरावटीच्या) अंगानेच जाई. ‘आयर्न मॅन’मध्ये (१९७०) गळा आणि गिटार जवळजवळ एकच सुरावट घेऊन चालतात. डिओ मात्र रिफवर वेगळी चाल बांधत. गायक असा स्वतंत्र चालू लागला की गिटारला त्याच्यासाठी जागा सोडावी लागते. ‘हेवन अँड हेल’च्या शीर्षकगीताच्या कडव्यांत ती जागा स्पष्ट ऐकू येते : गिटार मागे सरते आणि गीझर बटलर यांच्या बेसवर गाणे उभे राहते. पूर्वी बहुतेक गीते बटलर लिहीत. तेही काम आता डिओंकडे आले.

तरीही सारा पालट डिओंच्या नावावर मांडणे घाईचे ठरेल. याच अल्बमसाठी मार्टिन बर्च हे निर्माते म्हणून आले, आणि ध्वनिमुद्रणातील नेटकेपणाचा बराच भाग त्यांचा असावा. शिवाय या बँडचा मूळ जडपणा न बदललेल्या सदस्याकडून आला होता. गिटारवादक टोनी आयोमी डावखुरे. १९६५ मध्ये कारखान्यातील अपघातात त्यांच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोके तुटली. तारा दाबणारा हात नेमका तोच होता. तुटक्या बोटांवर टोपणे घालून वाजवताना ताण कमी पडावा म्हणून त्यांनी तारा सैल केल्या. ‘मास्टर ऑफ रिॲलिटी’मधील (१९७१) अनेक गाण्यांत गिटार नेहमीपेक्षा तीन अर्धस्वर खाली लावलेली आहे. ही सोय बोटांसाठी होती की खर्जातील वजनासाठी, यावर चर्चा होते; दोन्ही हेतू एकत्र असावेत.

तुलनेला सर्वांत सोयीची जोडी आयर्न मेडन या ब्रिटिश बँडच्या दोन अल्बमांची आहे. ‘किलर्स’ (१९८१) आणि ‘द नंबर ऑफ द बीस्ट’ (१९८२) या दोन्ही अल्बमांत गिटार, बेस व ड्रम वाजवणारे तेच, निर्मातेही बर्चच. बदलला तो फक्त गायक : पॉल डिॲनो यांच्या खरखरीत, रस्त्यावरच्या वाटणाऱ्या गळ्याऐवजी ब्रूस डिकिन्सन यांचा तार सप्तकात लांब ठेहराव घेणारा आवाज आला. गाणी त्या उंचीच्या हिशेबाने बांधली जाऊ लागली. पण येथेही एक अडचण आहे. ‘किलर्स’मधील बरीच गाणी आधीपासून मैफलींत वाजत असलेली होती, तर पुढचा अल्बम नव्याने रचलेला. जुन्या बँडशी असलेल्या कराराच्या अडचणीमुळे डिकिन्सन यांचे नाव १९८२ च्या रचनाकारांत आले नाही, त्यामुळे श्रेयनामावलीवर विसंबणेही धोक्याचे. पुढे ब्लेझ बेली (१९९४–९९) आले तेव्हा डिकिन्सन यांच्या पट्टीतील जुनी गाणी त्यांना जड गेली. गायक बदलतो, पण गाण्यांचा साठा बदलत नाही.

बेसवादकाच्या बदलाचा परिणाम सहसा दुर्लक्षित राहतो. मेटॅलिका या अमेरिकन बँडचे बेसवादक क्लिफ बर्टन २७ सप्टेंबर १९८६ रोजी स्वीडनमधील बस अपघातात मरण पावले. त्यानंतरच्या ‘...अँड जस्टिस फॉर ऑल’मध्ये (१९८८) त्यांच्या जागी आलेल्या जेसन न्यूस्टेड यांचा बेस जवळजवळ ऐकूच येत नाही. ते बऱ्याच ठिकाणी गिटारच्याच रिफ वाजवत होते, हे एक कारण सांगितले जाते. पण मिश्रणात (वेगवेगळ्या वाद्यांचे आवाज जुळवताना) बेस मुद्दाम खाली ठेवण्यात आला, हे अधिक पटण्यासारखे आहे. अल्बमचा कोरडा, टणक नाद न्यूस्टेड यांच्या वादनापेक्षा त्या निर्णयातून आला. ड्रमवादकांत जूडास प्रीस्टचे स्कॉट ट्रॅव्हिस उल्लेखनीय आहेत. ‘पेनकिलर’मधील (१९९०) त्यांच्या दुहेरी बेस ड्रममुळे (दोन्ही पायांनी वाजवलेल्या खर्जाच्या ड्रममुळे) बँडची गतीच वाढली.

नेपाम डेथ या ब्रिटिश बँडच्या ‘स्कम’ या अल्बममध्ये (१९८७) सदस्यबदलाचा फरक एकाच तबकडीवर सापडतो. पहिली बाजू १९८६ ची, दुसरी १९८७ ची. दोन्हींत समान असलेले एकमेव सदस्य म्हणजे ड्रमवादक मिक हॅरिस. पहिल्या बाजूचे गिटारवादक जस्टिन ब्रॉड्रिक, दुसऱ्या बाजूचे बिल स्टीअर. दुसरी बाजू अधिक वेगवान व तुटक आहे.

बदललेल्या संचाला कधी नावही वेगळे घ्यावे लागते. आयोमी, बटलर, डिओ आणि ड्रमवादक विनी ॲपिस २००६ मध्ये पुन्हा एकत्र आले, ते ब्लॅक सॅबथ या नावाने नव्हे, तर ‘हेवन अँड हेल’ या नावाने. त्यांचा एकमेव स्टुडिओ अल्बम २००९ मध्ये आला. मे २०१० मध्ये डिओ यांचे निधन झाले.