विजयदुर्ग: १७५६ च्या वादाची पार्श्वभूमी

वाघोटन खाडीच्या मुखाशी असलेला विजयदुर्ग, इंग्रजी कागदांतला घेरिया, शिलाहारांपासूनचा मानला जातो. तिहेरी तटबंदी, आंग्र्यांचे आरमार, १७२४ मधला डचांचा फसलेला हल्ला हे वाचकांना ठाऊक असतेच. घोळ आहे तो १७५६ बद्दल.

'पेशव्यांनी आपलेच आरमार इंग्रजांकडून जाळून घेतले' हे वाक्य आता म्हणीसारखे झाले आहे. ते अर्धेच खरे. विजयदुर्गाचा धनी तुळाजी आंग्रे पुण्याला जुमानत नव्हता आणि समुद्रात त्याला आवरण्याइतकी जहाजे पेशव्यांकडे नव्हती. त्यामुळे मदत मागण्यात गैर काही नव्हते. नडले ते १७५५ च्या तहातले कलम: समुद्रावरचा सगळा हुकूम इंग्रजांचा. जिंकलेले किल्ले पेशव्यांचे, हे कागदावर होते. पण तोफा कोणी, कुठे आणि कधी डागायच्या ते दुसराच ठरवणार होता. मुंबईहून निघण्यापूर्वीच इंग्रज अधिकाऱ्यांनी लुटीचे वाटे ठरवले होते.

१२ फेब्रुवारी १७५६ ला इंग्रज जहाजे खाडीत शिरून किल्ल्याच्या उत्तर अंगाला ओळीने उभी राहिली. आंग्र्यांच्या गुराबा, म्हणजे लढाऊ जहाजे, तटाखाली एकमेकींना बांधलेल्या होत्या. मोकळ्या समुद्रात चपळाई हेच त्यांचे बळ. बांधल्यावर तेच गेले. एक गोळा पूर्वी इंग्रजांकडूनच धरलेल्या जहाजावर पडला, आग दोरखंडांवरून पसरली आणि आरमार संपले. त्याच रात्री इंग्रज फौज उतरून किल्ला आणि मराठी छावणी यांच्या मधोमध बसली. तुळाजी बोलणी करायला पेशव्यांच्या छावणीत गेलेला होता, तो कैदेतच राहिला. १३ तारखेला किल्ला पडला. आत सुमारे दहा लाखांचा ऐवज मिळाला. पेशव्यांना त्यातले काही नाही.

पुढे इंग्रज किल्लाही सोडेनात. त्याच्या बदल्यात आमच्या ताब्यातले बाणकोट परत घ्या, असा त्यांचा आग्रह. ऑक्टोबरमध्ये नवा तह झाला तेव्हा विजयदुर्ग परत आला, बाणकोट दहा गावांसह इंग्रजांकडे गेले. पेशव्यांचा आरमारी सुभा इथेच बसला, धुळप घराण्याच्या हाताखाली तो पुन्हा बांधला गेला. म्हणजे मराठी आरमार १७५६ ला संपले, हेही खरे नाही. १८१८ मध्ये किल्ला इंग्रजांकडे गेला.

२०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत नाव आल्यापासून हेलियमची कथा पुन्हा जोरात आहे. १८६८ च्या ग्रहणात तो वायू इथे सापडला म्हणतात. पण ज्या इंग्रज शास्त्रज्ञाचे नाव घेतात तो तेव्हा इंग्लंडमध्येच होता. त्याचा मुक्काम इथे पडला तो १८९८ च्या ग्रहणासाठी.