पेडल घट्ट की मऊ? पॅड भाजणं आणि ब्रेक ऑइल उकळणं

जानेवारीत कोइमतूरजवळच्या करी मोटर स्पीडवेवरून फोन आला. पोरगा आपला, टिळकवाडीतला. जुनी दोन दारांची स्पोर्ट्स कार घेऊन बेळगावहून ट्रॅक डेला, म्हणजे रेसच्या ट्रॅकवर आपली गाडी पळवायच्या दिवसाला, गेलेला.

"काका, ब्रेकच न्हाईत ओ. चौथ्या लॅपला गेले."

"गेले म्हंजे कसे? पेडल घट्ट हाय का मऊ?"

पलीकडं जरा वेळ गप्प. "त्ये बघितलं न्हाई. थांबंना झाली, एवढंच कळलं."

त्याला बोल लावण्यात अर्थ नाही. कोपरा, म्हणजे ट्रॅकचं वळण, अंगावर येत असताना पायाखाली काय वाटतंय याची नोंद कोण ठेवणार? पण तेवढी एक नोंद असती तर अर्धं काम फोनवरच झालं असतं. आपल्याकडं "ब्रेक तापून गेला" या एकाच वाक्यात दोन वेगळी दुखणी कोंबली जातात. दोन्हींचं मूळ उष्णताच, दोन्ही पुढच्या चाकांवरच आधी दिसतात, कारण ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढं झुकतं आणि थांबवण्याचं साधारण ७० टक्के काम पुढचे ब्रेक करतात. औषध मात्र एकाचं दुसऱ्याला चालत नाही.

पहिलं दुखणं पॅडचं. पॅड म्हणजे धातूची भुकटी, तंतू आणि घर्षण देणारे पदार्थ राळेनं बांधून दाबलेली वडी. ती डिस्कला, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या तबकडीला, घासून गाडी थांबवते. रस्त्यावरच्या साध्या पॅडची ती राळ एका मर्यादेपलीकडं तापली की सुटायला लागते, तिचा वायू होतो, आणि पॅड डिस्कला चावण्याऐवजी तिच्यावरून घसरतं. इथं मास्टर सिलिंडर (पेडलचा जोर ऑइलवर टाकणारा), नळ्या, कॅलिपर (पिस्टननं पॅड डिस्कवर दाबणारा) सगळं ठणठणीत असतं. पायाचा जोर पॅडपर्यंत पूर्ण पोचतो. म्हणून पेडल दगडासारखं घट्ट लागतं, आणि गाडी मात्र पुढं वाहतच राहते. हे सहसा एकदम होत नाही. दोन लॅप, म्हणजे ट्रॅकच्या दोन फेऱ्या, आधीपासून ड्रायव्हर नकळत ब्रेक थोडा लवकर मारायला लागलेला असतो. गार झाल्यावर पॅड बरंचसं ताळ्यावर येतं. काढून बघितलं तर पृष्ठभाग काचेसारखा चकाकतो, कडा ठिसूळ होऊन तुकडे पडतात.

दुसरं दुखणं ब्रेक ऑइलचं. नावाला ऑइल, पण त्यात तेल नसतं. ग्लायकॉल जातीचा हा द्रव हवेतलं पाणी शोषतो. डिस्कची उष्णता पॅडमधून पिस्टनला, पिस्टनमधून द्रवाला पोचते आणि तो उकळतो. द्रव दाबला जात नाही, म्हणून तर ब्रेक चालतात. वाफ मात्र दाबली जाते. त्यामुळं पायाचा सगळा प्रवास बुडबुडे चेपण्यात जातो, पेडल मऊ होतं, खाली जातं, वाईट वेळ असली तर फ्लोअरला टेकतं. दोन-तीनदा भराभर पंप मारला तर थोडं वर येतं. पॅड भाजलं असेल तर पंप मारून काही फरक पडत नाही. हा फरक ट्रॅकवर असतानाच पायाला कळतो.

ऑइलच्या दुखण्याची आणखी एक खोड आहे, जी भल्याभल्यांना चकवते. ते पुष्कळदा जोरात ब्रेक मारताना होतच नाही. ब्रेक मारून झाल्यावर, गाडी पिटमध्ये (ट्रॅकशेजारच्या थांब्यावर) उभी केल्यावर किंवा लांब सरळ रस्त्यावर पाय वर असताना, डिस्कमध्ये साठलेली उष्णता सावकाश कॅलिपरमध्ये उतरते. वरून सगळं शांत, आत उकळी. मग पुढच्या कोपऱ्यावर पेडल दाबावं तर ते आपलं खाली. "मघाशी तर छान लागत होता" असं जो सांगतो, त्याच्या ऑइलवर मी आधी संशय घेतो.

आता थोडा हिशेब करू, कारण ही उष्णता किती असते याचा अंदाज बहुतेकांना नसतो. १,२०० किलोची गाडी ताशी १६० वरून ६० वर आणली की जवळपास १० लाख जूल इतकी ऊर्जा कुठंतरी जावी लागते. त्यातली ७ लाख पुढं, म्हणजे एका डिस्कवर साडेतीन लाख. डिस्क ७ किलोची धरली तर त्या एका ब्रेकमध्येच ती सुमारे १०० अंशांनी वर जाते. गार व्हायला पुढच्या कोपऱ्यापर्यंतचे मोजके सेकंद मिळतात. असे चार-पाच कोपरे एका लॅपमध्ये, आणि लॅपमागून लॅप.

इथं आपल्याकडच्या लोकांचा एक ठरलेला युक्तिवाद असतो: "चोर्ल्यात तीनदा उतरलो, काही झालं नाही." जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाट उतरणं ही ब्रेकची परीक्षा खरीच, पण ती वेगळी. घाटात पाय हलका पण बराच वेळ टेकलेला असतो. उष्णता सावकाश, सतत आत झिरपते, तिचा त्रास जास्त करून ऑइलला. ट्रॅकवर जोराचे आणि थोडक्यात संपणारे धक्के बसतात, ते आधी डिस्कच्या पृष्ठभागाला आणि पॅडला लागतात. घाट उतरताना गिअरमध्ये गाडी धरणाऱ्याचं पॅड नव्यासारखं राहील, आणि तेच पॅड ट्रॅकवर पाचव्या लॅपला हात टेकेल.

घाटापेक्षा मला धास्ती आपल्या पावसाची. कणकुंबी-जांबोटीकडं चार महिने कपाटातले कपडे वाळत नाहीत. गाडी त्या हवेत उभी राहिली की झाकणाच्या छिद्रातून, रबरी होजमधून ऑइल ओलावा घेतच राहतं. डॉट ४ (डॉट म्हणजे ब्रेक ऑइलची ठरलेली प्रत) ऑइल नवं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळू नये असा नियम आहे. त्यात ३.७ टक्के पाणी मिसळलं की हीच किमान हद्द १५५ वर येते. डॉट ३ चे आकडे २०५ आणि १४०, डॉट ५.१ चे २६० आणि १८०. रेसिंगसाठीची ऑइलं कोरडी असताना ३०० च्या वर जातात, पण तीही ओलावा घेतातच. रंगावरून पाणी कळत नाही. स्वच्छ दिसणारं ऑइलही ओलं असू शकतं. उघडा डबा वर्षभर फळीवर ठेवून "अजून अर्धा आहे की" म्हणणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडलंय. तो डबा क्लच दुरुस्तीला वापरा नाहीतर फेकून द्या, ट्रॅकवर जाणाऱ्या गाडीत ओतू नका.

मोजायची साधनं स्वस्त आहेत. डिस्कच्या कडेला लावायचे तीन रंग मिळतात: हिरवा ४३०, केशरी ५६० आणि लाल ६१० अंशांच्या आसपास रंग बदलतो. कॅलिपरला चिकटवायच्या पट्ट्या मिळतात, त्या कमाल तापमानाला काळ्या होतात आणि तशाच राहतात. रंग डिस्कचं सांगतो, पट्टी ऑइलच्या शेजारचं. इन्फ्रारेड गनवर मात्र आंधळा विश्वास नको: घासून चकचकीत झालेल्या डिस्कवर ती खऱ्यापेक्षा कमी दाखवते. तिचा खरा उपयोग डावं-उजवं ताडून बघायला. दोन्ही बाजूंत मोठा फरक असेल तर भानगड पॅडची नाही, ऑइलचीही नाही. कॅलिपर जिच्यावर सरकतो ती स्लायडर पिन जाम, पिस्टन अडकलेला किंवा होज आतून फुगून बंद झालेला, यांपैकी काहीतरी असणार.

त्या पोरानं संध्याकाळी फोटो पाठवले. पॅडची तोंडं बरी होती, चकाकी नाही, कडा शाबूत. पण जाडी उरली होती ३ मिलिमीटर. ऑइल कधी बदललं विचारलं तर "गाडी घेतली तेव्हा बदललं असंल." म्हणजे निदान ऑइलचं, पण त्यात पॅडचाही हात. पॅड म्हणजे डिस्क आणि पिस्टन यांच्यामधली उष्णता अडवणारी भिंतही असते. ती झिजून पातळ झाली की उष्णता सरळ पिस्टनवर. म्हणून ट्रॅकवर जाताना अर्ध्यापेक्षा कमी उरलेलं पॅड मी चालवू देत नाही, रस्त्यावर ते आणखी वर्षभर टिकलं असतं तरी.

तिथं कुणीतरी त्याला मोठ्या डिस्कचा आख्खा किट सुचवला होता. मी नको म्हटलं. चुकीच्या निदानावर खर्च करण्यातली गंमत अशी की तो काही अंशी लागूही पडतो, आणि मग माणूस चुकीच्याच वाटेनं पुढं जातो. साध्या पॅडच्या जागी ट्रॅकचं कडक पॅड घातलं की डिस्क ६००-७०० अंशांवर गेली तरी ते चावतंय, म्हणून आपण आणखी उशिरा ब्रेक मारतो, डिस्क आणखी तापते, आणि जुनं ऑइल आता उकळतं. आधी पॅड सावकाश सूचना देत होतं, आता पेडल एकदम जातं. पॅड बदलायचं तर ऑइल आधी. भोकं पाडलेल्या डिस्कचंही तेच. उद्यमबागेत फाउंड्रीत काम केलेल्या कुणालाही विचारा, बिडाच्या डिस्कला भोक पाडलं की तिथूनच बारीक तडे पसरायला लागतात. तेवढ्या पैशात बंपरमधून डिस्कच्या मध्यभागी हवा नेणारा पाइप बसवलेला बरा.

त्याचं ऑइल बदललं, चारही चाकांच्या ब्रेकमधली हवा काढली, नवी पॅड घातली. डिस्क त्याच ठेवल्या.

आणि हे सगळं करूनही मार्चमध्ये त्याचा परत फोन. "काका, पेडल मऊच हाय."

या वेळी त्यानं नीट बघितलं होतं. कर्बवरून, म्हणजे ट्रॅकच्या कडेच्या उंच पट्टीवरून, गाडी गेली की पुढचा पहिला ब्रेक खोल जायचा, दुसऱ्याला पेडल कडक. उकळलेलं ऑइल असं एका दाबात सुधारत नाही. जॅक लावून चाक धरून हलवलं तर हाताला खेळ लागला, हबला (चाक ज्यावर बसतं त्या भागाला) बारीक हालचाल मोजायचा डायल लावला तर काटा नाचला. बेअरिंग ढिलं, त्यामुळं डिस्क हलून पॅडना आणि पिस्टनना मागं ढकलत होती. बेअरिंग येईपर्यंत त्याला एवढंच सांगितलं: कोपऱ्याच्या आधी सरळ रस्त्यावर डाव्या पायानं पेडल हलकंच टेकवून बघ. तिथं कडक लागलं तरच पुढं उशिरा ब्रेक मारायचा.