कपाट कोणाच्या पैशानं भरलं? सीमाभागातल्या ग्रंथनिवडीची पार्श्वभूमी

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातल्या मराठी वाचनालयांत खरेदीची यादी करायला समिती बसते तेव्हा कादंबऱ्यांवरून फारसा वाद होत नाही. वाचक काय मागतात ते ग्रंथपालाला ठाऊक असतं. अडतं ते वैचारिक पुस्तकांपाशी आणि नियतकालिकांपाशी. समाज, जात, धर्म, इतिहास, लोकसंस्कृती यांवरचं काय घ्यायचं, कोणाचं घ्यायचं आणि कुठल्या पैशातून घ्यायचं? यातला तिसरा प्रश्न आधीच्या दोन्हींची उत्तरं ठरवून टाकतो, असा या भागाचा गेल्या साठ वर्षांचा अनुभव. सीमाप्रश्न म्हणजे काय हे इथल्या वाचकाला नव्यानं सांगायला नको. तो वाचनालयाच्या कपाटापर्यंत कसा पोचला, तेवढंच इथं पाहू.

सुरुवातीचा काळ झटपट ओलांडता येतो. बेळगावचं जुनं सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचं. पुण्याचं त्याच वर्षीचं आणि कोल्हापूरचं १८५० चं. मुंबई इलाख्यात तेव्हा ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ या नावानं गावोगावी अशा संस्था निघत होत्या. वर्गणी वकील, मामलेदार, मास्तर, पेढीवाले यांची आणि निवडही त्यांचीच. विसाव्या शतकात मासिकांचं युग आलं, त्यात बेळगावचा एक आडवळणाचा वाटा आहे. ‘किर्लोस्कर’ मासिक १९२० मध्ये ज्या कारखान्याच्या आश्रयानं निघालं, तो कारखाना मुळात बेळगावचा. १९१० मध्ये तो कुंडलच्या माळावर हलला. ‘स्त्री’ (१९३०) आणि ‘मनोहर’ (१९३४) ही त्याच घरातली भावंडं. सुशिक्षित मराठी कुटुंबात लग्न, हुंडा, विधवा, शिक्षण यांवर बोलायची भाषा या तीन मासिकांनी घडवली आणि या भागातली वाचणारी पिढीही त्याच भाषेत वाढली. त्याच काळात शहरात दोन साहित्य संमेलनं झाली, १९२९ आणि १९४६ ची. संयुक्त महाराष्ट्राची मागणी करणारा ठराव दुसऱ्या संमेलनातला, तेव्हा पुढच्या सगळ्या राजकारणाचं मूळ एका साहित्याच्या मांडवात आहे हे विसरता येत नाही.

मुंबई सरकारनं १९३९ मध्ये ग्रंथालयांसाठी एक समिती नेमली होती. तिच्या अहवालानंतर हळूहळू जो रिवाज पडला तो असा, की सरकारनं स्वतःची वाचनालयं काढत बसू नये, लोकांनी काढलेल्यांना मदत द्यावी. शेजारच्या कोल्हापूर संस्थानानं तर १९४५ मध्येच ग्रंथालयांचा कायदा केला. म्हणजे बेळगावच्या भोवती जी पद्धत रुजत होती, तिच्यात निवड समितीच्या हाती आणि सरकारचा हात फक्त पाठीवर, अशी वाटणी होती.

१ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव जिल्हा म्हैसूर (आजच्या कर्नाटक) राज्यात गेला. चंदगड तालुका तेवढा कापून कोल्हापूरला जोडला. सीमेवरच्या शिनोळीच्या अलीकडचं आणि पलीकडचं गाव एकाच बाजाराला येत राहिलं, पण वाचनालयांचे कायदे वेगळे झाले. सगळी गोम इथंच आहे, म्हणून इथं जरा थांबतो.

म्हैसूरचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६५ चा. त्यानं घरपट्टीसारख्या स्थानिक करांवर ग्रंथालय उपकर बसवला. आज घरपट्टीच्या पावतीवर तो शेकडा सहा दरानं दिसतो. शहर आणि जिल्हा ग्रंथालय प्राधिकरणं नेमली गेली आणि ग्रंथालय हे सरकारचं एक खातं बनलं. इमारत खात्याची, ग्रंथपाल खात्याचा आणि यादीही खात्याची. महाराष्ट्राचा कायदा दोन वर्षांनी, १९६७ मध्ये आला, आणि त्यात उपकर नाही. संस्थेला मान्यता द्यायची, अ, ब, क, ड असे वर्ग पाडायचे आणि वर्गाप्रमाणे अनुदान द्यायचं, हा त्याचा सांगाडा. म्हणजे चंदगडच्या वाचनालयाची समिती अनुदान घेऊन स्वतःची यादी करते, आणि तिथून तासाभराच्या अंतरावरच्या बेळगावातला मराठी वाचक उपकर भरतो तो दुसऱ्याच यादीसाठी. स्वतःचं मराठी वाचनालय चालवायला त्याला वर वर्गणीही द्यावी लागते. ‘दोनदा पैसे भरतो आणि एकदाच वाचतो’ अशी इथली तक्रार आहे, आणि माझ्या मते ती खरी आहे.

दुसऱ्या बाजूचं म्हणणंही हलकं नाही. सरकारी वाचनालयाच्या दारात कोणाची ओळख, शिफारस लागत नाही. मराठी वाचनालयांच्या समित्या मात्र बराच काळ पेठेतल्या ठरावीक घरांच्या होत्या. तंबाखूच्या वखारीत काम करणारी बाई किंवा दलित वस्तीतला मुलगा ‘सभासद’ या शब्दाच्या आत कितपत येत होता, हे विचारलं तर समितीवाल्यांना उत्तर देणं जड जातं. शिवाय खासगी संस्थांना मदत देण्याची वाट कर्नाटकाच्या कायद्यातही आहे. ती अरुंद आहे आणि अर्ज-विनंत्यांची भाषा कन्नड, एवढंच.

निवडीवर याचा परिणाम दुहेरी झाला. कर्नाटकाच्या खात्याची घाऊक खरेदी कन्नड प्रकाशनाचा कणा आहे. निवडलेल्या पुस्तकाच्या ३०० प्रती घ्यायच्या, हे गणित तिथला प्रत्येक छोटा प्रकाशक पाठ म्हणून दाखवील. समाजशास्त्र, लोकसाहित्य, वचनसाहित्य (लिंगायत शरणांची कन्नड वचनं), चळवळींचा इतिहास अशी चटकन न खपणारी पुस्तकं या ३०० प्रतींच्या भरवशावर निघतात आणि बेळगाव जिल्ह्यातल्या सरकारी वाचनालयांत येऊन पडतात. मराठी वैचारिक पुस्तकाला इथं असा कोणी पाठीराखा नाही. ते वर्गणीच्या पैशातून येतं, त्यामुळे वर्गणी भरणाऱ्याच्या आवडीचं येतं. वर्गणी भरणारा पुण्या-मुंबईच्या वर्तमानपत्रांतली परीक्षणं वाचून मागणी नोंदवतो. परिणामी कपाटात पेशवाई आहे, शिवकाल आहे, मुंबईच्या गिरणगावाचा संप आहे, पुण्यातल्या समाजसुधारकांचे वाद आहेत. शेजारच्या गल्लीतला लिंगायत समाज, सौंदत्तीची यल्लम्मा आणि तिला सोडलेल्या मुली, हलशीचे कदंब यांच्यावर एखादं दुसरं पुस्तक सापडलं तर नशीब. इंग्रजांविरुद्ध लढलेल्या ज्या संगोळ्ळी रायण्णाला १८३१ मध्ये नंदगडला फाशी दिलं, त्याची समाधी मराठी बोलणाऱ्या गावात आहे. त्याच्यावरचं लेखन बहुतेक सगळं कन्नडात आहे.

वर्गीकरणातही ही गाठ दिसते. पुस्तकं विषयवार अंकांनी लावण्याच्या ड्यूईच्या दशांश पद्धतीत महाराष्ट्राचा इतिहास ९५४.७९२ वर, पश्चिम भारताच्या ओळीत. कर्नाटकाचा ९५४.८७ वर, दक्षिण भारतात. बेळगावच्या इतिहासाचं पुस्तक कुठं लावायचं? काटेकोर ग्रंथपाल १९५६ नंतर ते दक्षिणेत हलवील. समितीतला एखादा ज्येष्ठ सभासद ते पुन्हा पश्चिमेत आणून ठेवील. वाचक बिचारा दोन्हीकडं शोधतो.

या कहाणीत सत्तरचं आणि ऐंशीचं दशक फार महत्त्वाचं. सीमावादासाठी नेमलेल्या महाजन आयोगाचा अहवाल १९६७ चा; त्यानं बेळगाव शहर म्हैसूरकडंच ठेवलं आणि २६४ गावं महाराष्ट्राला द्यायला सांगितलं, तेही झालं नाही. यावर पुस्तिकांचा आणि विशेषांकांचा पूर आला, आणि ‘सीमाप्रश्न’ हे मराठी वाचनालयांत स्वतंत्र कपाट झालं. ते समाजाच्या अभ्यासाचं कपाट नव्हतं, बाजू मांडण्याचं होतं, आणि त्यानं इतर पुस्तकांची जागा आणि पैसा दोन्ही खाल्लं. इथल्या समाजाची खरी घुसळण त्याच वेळी दुसरीकडं चालली होती. निपाणीत तंबाखू कामगार स्त्रिया संघटित होत होत्या. १९८१ मध्ये तंबाखू उत्पादक शेतकऱ्यांनी रस्ता अडवला आणि गोळीबारात माणसं गेली. निपाणी-गडहिंग्लज भागात देवदासी प्रथेविरुद्ध चळवळ उभी राहिली आणि १९८२ मध्ये कर्नाटकानं कायदा केला. या सगळ्यावर लिहिलं गेलं ते पुण्या-मुंबईच्या साप्ताहिकांत आणि चळवळीच्या छोट्या मासिकांत. अशी मासिकं टपालानं यायची, वर्गणी संपली की बंद व्हायची. त्यांची बांधणी करून ठेवण्याचं भान फार थोड्या ठिकाणी होतं. आज निपाणीवर काम करायला येणारा विद्यार्थी हे अंक कोल्हापूर-पुण्यात शोधतो.

मग शाळांत कन्नडला पहिलं स्थान द्यायला सांगणारा गोकाक अहवाल (गावाचा नव्हे, समितीच्या अध्यक्षांच्या आडनावाचा) आणि १९८६ चं कन्नडसक्तीविरोधी आंदोलन. १ जूनच्या गोळीबारानंतर मराठी वाचनालयाच्या टेबलावर कन्नड साप्ताहिक ठेवणं ही साधी गोष्ट राहिली नाही. ठेवलं तर आपले लोक विचारणार, न ठेवलं तर बाहेरचे विचारणार. बहुतेक समित्यांनी न ठेवण्याचा सोपा मार्ग घेतला. त्या परिस्थितीत दुसरं काही अपेक्षिणं चूक होतं, पण नुकसान झालं ते झालंच. कन्नड साप्ताहिकांचा हा बहराचा काळ होता. त्यात दलित चळवळ, रयत संघटना, मठ आणि राजकारण यांवर जे धारदार लिहिलं जात होतं, ते त्याच राज्यात छापलं गेलं तरी इथल्या मराठी वाचकाला परदेशातल्यासारखं दूर राहिलं. कन्नड बोलता येणारी माणसं घरोघरी, वाचता येणारी मोजकी, आणि वाचून मराठीत सांगणारी त्याहून कमी.

अलीकडं यात फट पडली ती चार खुनांनी. २०१३ मध्ये पुण्यात नरेंद्र दाभोलकर, २०१५ च्या फेब्रुवारीत कोल्हापुरात गोविंद पानसरे, त्याच वर्षी ऑगस्टात धारवाडात एम. एम. कलबुर्गी आणि २०१७ मध्ये बंगळुरात गौरी लंकेश. पहिले आणि शेवटच्या, दोघं साप्ताहिकांचे संपादक. मधल्या दोघांतले एक इतिहासावरच्या लोकप्रिय पुस्तिकेचे लेखक, दुसरे वचनसाहित्याचे संशोधक. चौघंही नेमक्या याच कपाटातली माणसं, आणि बेळगाव नेमकं कोल्हापूर आणि धारवाडच्या मधे. तोवर ज्यांनी धारवाडच्या संशोधकाचं नावही ऐकलं नव्हतं ते वाचक ग्रंथपालाकडं त्यांचं मराठीत काही आहे का विचारू लागले. मार्च २०१८ मध्ये कर्नाटक मंत्रिमंडळानं लिंगायतांना वेगळ्या धर्माचा दर्जा देण्याची शिफारस केली तेव्हा ही मागणी आणखी वाढली, कारण वाद शेजाऱ्याच्या घरातला होता. मराठी वृत्तपत्रांतल्या चार ओळींवर भागणार नव्हतं. कन्नडातून मराठीत आलेल्या वैचारिक पुस्तकांना यादीत जागा मिळू लागली ती तेव्हापासून. कादंबऱ्यांचे अनुवाद आधीपासून होते. वैचारिक लेखन मात्र आजही तुटपुंजंच अनुवादित होतं.

दुसरीकडं मासिकंच आटली. ‘किर्लोस्कर’ परिवार गेला, ‘सत्यकथा’ १९८२ मध्ये थांबलं, पुढं साप्ताहिकंही एकेक करून छापील रूपातून उतरली. ती पोकळी दिवाळी अंकांनी भरली. मराठीतला पहिला दिवाळी अंक १९०९ चा. आता वर्षभराचं समाज-संस्कृतीवरचं लांब लेखन ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या गठ्ठ्यात सापडतं. वाचनालयं वेगळी वर्गणी घेऊन दिवाळी अंकांची योजना चालवतात आणि बऱ्याच ठिकाणी हीच वर्षातली सर्वांत मोठी हक्काची मिळकत असते. त्यामुळे कुठला अंक घ्यायचा हे पुन्हा वर्गणीदार ठरवतो: राशिभविष्य आणि विनोद आधी, रिपोर्ताज नंतर. कडोली, उचगाव, येळ्ळूर, कारदगा इथल्या ग्रामीण साहित्य संमेलनांत पुस्तकांचे स्टॉल लागतात आणि गावातली छोटी वाचनालयं तिथंच सवलतीत खरेदी उरकतात. विक्रेत्यानं टेम्पोत काय भरून आणलं, यावर त्या गावाचं वर्षाचं वैचारिक वाचन ठरतं. मला ही पद्धत यादीपेक्षा वाईट वाटत नाही. निदान पुस्तक हातात घेऊन चाळता येतं.

सीमेपलीकडं सगळं आलबेल आहे असंही नाही. महाराष्ट्रात शासनमान्य ग्रंथांची यादी असते. अनुदान वेळेवर येत नाही, आणि २०१२ मध्ये सरकारनं केलेल्या ग्रंथालयांच्या पडताळणीनंतर वर्ग वाढवून मिळणं वर्षानुवर्षं रखडलं. चंदगड, आजऱ्याच्या समित्यांना विचारलं तर बेळगावचे सभासद वर्गणी तरी भरतात याचा त्या हेवा करतील.

कर्नाटकानं २०१९ मध्ये ग्रामपंचायतींची वाचनालयं ग्रंथालय खात्याकडून काढून ग्रामविकास खात्याकडं दिली; राज्यात ती साडेपाच हजारांहून जास्त. पुढं त्यांना ‘अरिवु केंद्र’ असं नाव मिळालं. संगणक आले, मुलांची पुस्तकं आली, स्पर्धा परीक्षांची आली. मराठी गावांतल्या केंद्रांत मराठी पुस्तकं मोजकी, ही तक्रार कायम आहे. पण आता निदान दाद मागायची जागा बंगळुरात नाही, पंचायतीच्या सभेत आहे. मराठी सदस्य बहुसंख्य असलेल्या पंचायतींत नियतकालिकांची मागणी ठरावानं नोंदवता येते. आजवर अशा सभांत वाचनालयाचा विषय निघाला तो बहुधा छपरासाठी किंवा फलकाच्या भाषेसाठी. फलकावर मराठी हवं म्हणून जे भांडतात, त्यांनी आतल्या टेबलावर कुठलं मासिक हवं याची यादी अजून फारशी दिलेली नाही.