झोळीत झोळ किती?

क्रिकेटचा चेंडू १५६ ते १६३ ग्रॅमचा. आइस हॉकीतला पक, म्हणजे बर्फावरून सरपटत जाणारी ती काळी रबरी चकती, १५६ ते १७० ग्रॅमची. वजनाने दोघं जवळजवळ सारखेच. पण ते झेलणाऱ्यांचे हातमोजे शेजारी शेजारी ठेवून पाहा. यष्टिरक्षकाच्या मोज्यात अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये जी पट्टी असते, तिच्याबाबत क्रिकेटचा नियम फार कडक आहे. पट्टी एकसंध हवी, ताणली जाणारी नको, आणि अंगठा पूर्ण पसरला की ती ताठ व्हायलाच हवी. झोळ चालत नाही. आइस हॉकीच्या गोलीच्या, म्हणजे गोलरक्षकाच्या, मोज्यात मात्र नेमक्या त्याच जागी चक्क एक झोळी लोंबत असते. तिला म्हणतात पॉकेट.

कॅनडात नुसतं ‘हॉकी’ म्हटलं की आइस हॉकीच समजायची. आपल्या मैदानी हॉकीत गोलरक्षक चेंडू अडवून दूर ढकलतो. आइस हॉकीतला गोली डाव्या हाताने (डावखुरा असेल तर उजव्या) पक झेलतो आणि धरून ठेवतो. पक धरला की शिट्टी होते आणि खेळ थांबतो. त्यामुळे पक मोज्यात जाणं पुरेसं नाही, तो आत राहिला पाहिजे.

हा मोजा मुळात बेसबॉलवाल्यांकडून आला. १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात शिकागो ब्लॅक हॉक्सचा गोली एमिल फ्रान्सिस याने बेसबॉलमधल्या पहिल्या बेसवरच्या खेळाडूचा मोजा घेतला, त्याला मनगटाकडे हॉकीच्या मोज्याची कड शिवून घेतली आणि तो घालून उतरला. डेट्रॉइटच्या संघाने हरकत घेतली. एनएचएल, म्हणजे नॅशनल हॉकी लीग, या लीगचे अध्यक्ष क्लॅरन्स कॅम्पबेल यांनी मोजा पाहून परवानगी दिली. आजचे सगळे कॅचिंग ग्लव्ह त्याच घराण्यातले.

आता झोळी का लागते ते पाहू. १७० ग्रॅमचा पक ताशी १५० किलोमीटर वेगाने आला (व्यावसायिक खेळात ही नवलाई नाही, झ्देनो चारा या खेळाडूने २०१२ मध्ये ताशी १७५ किलोमीटरचा फटका मारून दाखवला होता), तर त्याच्यात साधारण १४८ ज्यूल गतिज ऊर्जा असते. ही ऊर्जा कुठे ना कुठे जिरवायची आहे. तळहातावरच्या जाड गादीने पक एका सेंटिमीटरात थांबवला, तर सरासरी बल पडेल सुमारे १४,८०० न्यूटन, म्हणजे दीड टनाचं ओझं. तोच पक १२ सेंटिमीटर मागे जात जात थांबला, तर बल उरतं १,२३० न्यूटन, म्हणजे सव्वाशे किलोच्या आसपास. दोन्ही वेळा काम तेवढंच, अंतर बारा पट. झेल घेताना हात मागे घ्या, असं आपल्याला लहानपणी ओरडून सांगायचे ते याचसाठी. पण १२ सेंटिमीटरचा हा सगळा कारभार सहा मिलिसेकंदांत उरकतो. तेवढ्यात माणूस हात मागे घेऊच शकत नाही, म्हणून मागे जायचं काम झोळी करते.

पण नुसती मागे जाऊन चालत नाही. ट्रॅम्पोलिनही मागे जातं, आणि मग उडवून देतं. झोळीने ऊर्जा घ्यायची आणि परत द्यायची नाही, ही खरी अट. झोळी असते लेसची, म्हणजे बुटाच्या नाडीसारख्या दोरीची जाळी. विणलेल्या लेसमध्ये शेकडो तंतू एकमेकांवर घासतात, लेस लेसवर घासते, ओवायच्या भोकांच्या कडांवर घासते, आणि गतिज ऊर्जेची उष्णता होते. म्हणून ताणून परत येणारी इलॅस्टिकची दोरी इथे अगदी कुचकामाची. सामन्याआधी पक गोठवून ठेवतात त्यामागेही असाच विचार आहे. थंड रबर कमी उसळतं.

झोळी ताणून विणली तर काय होतं, हे कपडे वाळत घालायच्या दोरीला विचारा. ताठ बांधलेल्या दोरीच्या मधोमध ओली चादर टाकली की खिळा उपटून येतो. थोडी सैल ठेवलेली दोरी तीच चादर निमूट पेलते. दोरी आडव्या रेषेपासून ३० अंशांनी खाली झुकली असेल, तर तिच्यावरचा ताण वजनाएवढाच असतो. झुकाव फक्त ५ अंश असेल, तर ताण वजनाच्या जवळजवळ सहा पट होतो. पॉकेटमध्येही तेच. ताठ ओढलेली लेस पकला बाहेर फेकतेच, शिवाय स्वतःही लवकर तुटते. आणि तुटते ती बहुतेक वेळा भोकाच्या कडेपाशी, जिथे घासून घासून आधीच अर्धी झालेली असते.

एक तुटली की शेजारणींवर भार येतो. मग लेस नव्याने ओवायला मोजा मांडीवर घेऊन बसावं लागतं.

पॉकेटची रचना अशी: एका बाजूला अंगठ्याची कड, दुसऱ्या बाजूला बोटांची कड, मध्ये इंग्रजी ‘टी’ अक्षरासारखी पट्टी. तिचं नावही ‘टी’च. कडा आणि टी यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना लेसची जाळी. जाणकार गोली आधी चारही बाजूंनी फोटो काढून ठेवतो आणि एका वेळी एकच बाजू उसवतो, म्हणजे दुसरी बाजू मोज्याचा आकार धरून ठेवते. सगळं एकदम उसवणाऱ्याला पुढचे दोन तास कोडं सोडवत बसावं लागतं.

लेस कशाची घ्यायची, यावर गोली लोकांत वाद होतात, आणि ते वाद रसायनशास्त्राचे आहेत हे बहुतेकांच्या गावीही नसतं. चामड्याची लेस दिसायला देखणी, पण चामडं म्हणजे कोलॅजनचे तंतू. घाम आणि वितळलेला बर्फ आत शिरला की तंतू एकमेकांवरून घसरतात, लेस लांबते. वाळली की कडक होते, पुढे तडकते. सुताचं वेगळंच. सुती धागा पाणी पिऊन जाड होतो आणि विणलेली दोरी उलट आखडते. पावसात भिजलेली सुती दोरी ताठ होते ती अशी. नायलॉन दमट हवेतून स्वतःच्या वजनाच्या चारेक टक्के ओलावा घेतं आणि सैलावतं. पॉलिएस्टर जेमतेम ०.४ टक्के घेतं, त्यामुळे ते ओलं काय आणि कोरडं काय, सारखंच. स्केटच्या बुटांची पॉलिएस्टरची लेस झोळीत घालणारे बरेच जण आहेत. माझंही मत तिलाच. तिचं टोक उसवलं तर काडी दाखवली की वितळून घट्ट होतं. सुती लेसला काडी दाखवली तर ती जळते.

ओवताना हमखास होणारी चूक म्हणजे सगळी लेस सैलसर ओवून घ्यायची आणि शेवटी टोक धरून जोरात ओढायचं. बूट घालताना करून पाहा. वरची दोन भोकं आवळतात, चवड्याकडचा भाग होता तिथेच असतो. बंदरात अजस्र जहाजाचा दोर खुंट्याभोवती तीन-चार वेढे देऊन एक माणूस धरून ठेवतो, त्यामागचं हेच घर्षण. १८ व्या शतकात गणितज्ञ ऑयलरने याचं गणित मांडलं: प्रत्येक वेढ्यागणिक ताण ठरावीक पटीने घटतो. घर्षण गुणांक ०.३ धरला आणि लेस प्रत्येक भोकापाशी अर्धा वेढा घेते असं मानलं, तर एका भोकापलीकडे ३९ टक्के ताण पोहोचतो. पाच भोकांपलीकडे एक टक्कासुद्धा नाही. म्हणून प्रत्येक ओळ ओवली की तिथल्या तिथे हवी तेवढी ओढून मगच पुढे जायचं. याच घर्षणामुळे एक लेस तुटली तरी अख्खी जाळी लगेच सुटत नाही, ही त्याची दुसरी बाजू.

जाळीची भोकं किती मोठी ठेवायची? पकचा व्यास ७.६ सेंटिमीटर आहे, म्हणून निर्धास्त राहू नका. जाडी २.५ सेंटिमीटरच आहे. पक कडेवर उभा आला तर अडीच सेंटिमीटरची फट त्याला दारासारखी. शिवाय धडकेत लेस बाजूला सरकतात. नुसती एकीवरून दुसरी नेली तर जास्तच. जिथे ओलांडतात तिथे एक वेढा दिला की जागा सोडत नाहीत.

इतकं वाचून झोळी जितकी खोल तितकी बरी असं वाटेल. तसं नाही. एनएचएलच्या नियमात मोज्याचा घेर ४५ इंचांपर्यंत, आणि मोज्याच्या टाचेपासून (मनगटाकडच्या टोकापासून) टीच्या वरच्या टोकापर्यंतचं अंतर, पॉकेटच्या वळणावरून मोजलेलं, १८ इंचांपर्यंत. वळणावरून मोजायचं असल्यामुळे खोली वाढवली की सरळ रेषेतला विस्तार घटतो. खोल झोळी पक छान गिळते, पण तिचं तोंड लहान होतं. खोलात रुतलेला पक काढून आपल्या खेळाडूकडे झटकन टाकताही येत नाही. आणि गोली गोलरेषेवर उभा असेल, तर हात रेषेच्या पुढे आणि झोळीतला पक रेषेच्या पूर्ण पलीकडे, असं होऊ शकतं. झेल उत्तम, तरी गोल. जाळीच्या भोकांतून काळा पक कॅमेऱ्याला दिसतोही.

ओवून झालं की दोन पक पॉकेटमध्ये घालून मोजा मिटतात आणि पट्ट्याने आवळून रात्रभर ठेवतात. सकाळी गाठी बसलेल्या असतात, लेस थोडी सरकलेली असते, आणि कालचा नेमका झोळ आज अर्ध्या इंचाने वाढलेला असतो. मग पुन्हा पहिल्या भोकापासून, एकेक ओळ.